कडेवर

साठ मीटर उंचीवरच्या केबिनमध्ये बसून
मी दोन बोटांनी आठ टन उचलतो.
सळ्यांचे भारे, पाण्याच्या टाक्या,
एकदा तर अख्खं बाथरूम, फरशी-नळासकट.
खालचा माणूस हात हलवतो,
मी दांडी ढकलतो, मुंगी सरकेल तेवढीच.

आणि मागच्या रजेत, दाभोळला,
गॅसचा सिलिंडर उंबऱ्यावरून आत घेताना
कंबरेत अशी लचक भरली
की आठ दिवस पालथा.
एरंडाचं तेल, शेकायला गरम वीट,
आणि उशाशी बसून सासऱ्यांचा सवाल :
तिकडे तू काम काय करतोस, नक्की?

मुसफ्फाला परतलो तो हट्टानं.
जिममध्ये जाऊन आलो, म्हणजे फी विचारून आलो.
मग रंगाच्या दोन रिकाम्या डब्यांत
स्लॅबचं उरलेलं काँक्रीट भरलं,
मधे पाइपचा तुकडा रोवला.
फोरमननं पाहिलं. म्हणाला,
माल चांगला आहे, पाणी मारत राहा सात दिवस.

पहाटे साडेतीन. कॅम्पची गच्ची.
तेव्हाही हवा ओल्या घोंगडीसारखी अंगावर,
वाळत घातलेले डांगऱ्या
ठिबकतात ते धुण्याचं की दमटपणाचं, कळत नाही.

गुलझमीर खांद्यावर दगड घेऊन फेऱ्या मारतो,
गावच्या भानगडी सांगत, इतक्या सहज
की दगडाला वाटावं आपण अजून जमिनीवरच आहोत.
सुकुमारन गुडघे वाकवून हत्ती होतो.
नुसता उभा. हलत नाही.
मी शेजारी हत्ती झालो,
बावीस आकड्यांत मांड्या लटपटल्या.
दिलबहादूर गच्चीवर थांबतच नाही,
पाण्याचा भरला कॅन पाठीवर, पट्टा कपाळाला,
चार मजले खाली, चार मजले वर.
त्याची मान पाहा कधी.

मी काय दाखवणार?
जिल्हा परिषदेची शाळा, शिट्टीवाले कदम सर,
जोर, बैठका, सावधान, विश्राम.
तिघांनाही विश्राम फार आवडला.

दोन महिने काहीच झालं नाही.
मनगट सुजलं, बरं झालं.
डबा पायावर पडला, नख काळं झालं, गळलं.
मग एका मंगळवारी लिफ्ट सोडून
शिडीनं केबिनपर्यंत चढलो.
दोनशे एक पायऱ्या.
एकशेविसाव्या पायरीला धरून राहिलो,
खाली ट्रक, वर आभाळ, मधे माझा भाता.
वर पोचलो तेव्हा दांडीवरची बोटं थरथरत होती
आणि पहिला भारा मी जरा उशिरा उचलला.

शुक्रवारी तबस्सुमचा व्हिडिओ कॉल.
बाही वर करून दाखवली.
ती बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली,
सिलिंडर उचलतं का कुणी?
फोन फळीवर टेकवला.
एका हातानं सिलिंडर तिरका केला,
खालच्या कडेवर उभा धरला,
आणि गोल गोल फिरवत निघाली,
जात्याचा खुंटा धरावा तशी, न बघता.
उंबऱ्याशी पोतं टाकलेलं होतंच.
दुसऱ्या हाताला धाकटी,
तीही कडेवर.
सात वर्षं असंच नेते, म्हणाली.
तू मधे आलास, म्हणून लचकलास.

आज पहाटे मीही डबा तिरका केला.
पहिल्यांदा आडवा पडला,
दुसऱ्यांदा सुकुमारनच्या हत्तीवर गेला.
तिसऱ्यांदा तळव्याला कळलं :
ढकलायचं नाही, तोल हरवू द्यायचा
आणि हरवण्याआधी परत घ्यायचा.

गुलझमीर दगडासकट थांबला.
यानं कुठला स्नायू वाढतो?
डबा आपल्या कडेवर डुगडुगत
थेट जिन्याकडे निघालाय,
जिन्यातून दिलबहादूर वर येतोय.
सांगतो रे,
आधी अडवू दे.